पर्यवेक्षक : जबाबदारी पूर्ण, अधिकार अपुरे

कारखान्यातील पर्यवेक्षक, म्हणजेच सुपरवायझर, हा व्यवस्थापनाच्या सर्वांत खालच्या पायरीवरचा आणि कामगारांच्या सर्वांत जवळचा माणूस. कुठे त्याला फोरमन म्हणतात, कुठे चार्जमन, कुठे शिफ्ट इन्चार्ज. नाव कोणतेही असो, ठरलेले उत्पादन ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या दर्जाचे आणि कोणालाही इजा न होता काढून घेणे हे त्याचे काम. त्यासाठी लागणारी माणसे तो नेमत नाही, यंत्रे तो खरेदी करत नाही, पगार तो ठरवत नाही. तरीही पाळीत काही बिघडले की पहिला जाब त्यालाच विचारला जातो. या पदावरचा ताण मुख्यतः या विसंगतीतून जन्मतो. अमुक सुपरवायझर तापट आहे, तमुक घाबरट आहे, अशी कारणे देऊन हा विषय मिटवला जातो. पण माणूस बदलला तरी तीच तक्रार पुढच्या माणसाच्या तोंडी येते, कारण अडचण पदाच्या रचनेत आहे.

नागोठण्याचा कारखानी पट्टा

रायगड जिल्ह्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे रोहा तालुक्यातील गाव. पेण तालुक्याची हद्द इथून जवळच. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे आयपीसीएल, या सरकारी कंपनीने वडोदऱ्यानंतरचा आपला मोठा प्रकल्प इथे उभारला. समुद्रातील मुंबई हाय क्षेत्राचा वायू उरणला येतो. त्यातील इथेन आणि प्रोपेन नागोठण्याला आणून त्यांपासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार करायचा, अशी त्याची आखणी होती. २००२ मध्ये सरकारने कंपनीतील हिस्सा रिलायन्सला विकला आणि २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. दरम्यान आजूबाजूला इतर उद्योगही आले. आमडोशीला पॉलिस्टायरिन तयार होऊ लागले, सुकेळीला पोलादी नळ्या, पेण तालुक्यातील डोलवीला पोलाद, तर रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायने.

यांतील बरेच उद्योग अखंड चालणारे आहेत. वायूचे रेणू तोडणाऱ्या भट्टीत तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पुढे तोच वायू उणे १०० अंशांखाली थंड करून त्यातील घटक वेगळे केले जातात. असा कारखाना संध्याकाळी कुलूप लावून सकाळी उघडता येत नाही. तो दिवसाचे २४ तास, दिवाळीला आणि गणपतीतही चालतो. दिवसा तिथे व्यवस्थापक, अभियंते, सुरक्षा अधिकारी, भांडार आणि कार्यालय असे सगळे हजर असतात. रात्री आणि सुटीच्या दिवशी मात्र पाळीचा इन्चार्ज हाच तिथला सर्वांत वरिष्ठ माणूस ठरतो.

जॉबर ते सुपरवायझर

महाराष्ट्रात या पदाचा पूर्वज मुंबईच्या कापड गिरण्यांतील जॉबर. माणसे गावाहून आणणे, कामाला लावणे, काम शिकवणे, काम करून घेणे आणि नको असलेल्याला काढून टाकणे, हे सगळे जॉबर करी. अडल्यानडल्याला तो उसने पैसे देई, राहण्याची सोय पाही आणि या सगळ्याच्या बदल्यात दस्तुरी घेई. त्याच्या मर्जीवर कामगाराची रोजी अवलंबून असे. राजेशाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली आणि जॉबरच्या हातातून भरती हळूहळू सुटत गेली. पुढे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने शिस्तभंगाची कारवाई नियमांत बांधली. आरोपपत्र दिल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय कामगाराला शिक्षा करता येईना.

कामगाराच्या दृष्टीने हे सर्व न्यायाचे होते. जॉबरच्या मनमानीला आळा बसणे आवश्यकच होते. पण त्या सत्तेचे पुढे जे वाटप झाले त्यात भरती आणि पगार कार्मिक विभागाकडे गेले, शिस्त चौकशी अधिकाऱ्याकडे गेली, दुरुस्ती मेंटेनन्सकडे आणि खरेदी भांडाराकडे गेली. उत्पादनाचा जाब तेवढा जागच्या जागी राहिला. आजचा पर्यवेक्षक दांडी मारणाऱ्याविरुद्ध अहवाल लिहू शकतो. त्या अहवालाचे पुढे काय होते हे त्याला अनेकदा कळतही नाही. अहवाल बाजूला पडला तर पाळीवरचा त्याचा शब्द हलका होतो. तो लिहितच राहिला तर ‘सारखी तक्रार करणारा’ असा शिक्का बसतो.

एक पाळी

या भागातील कारखान्यांत साधारणपणे आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. पर्यवेक्षकाची पाळी मात्र घड्याळाच्या आधी सुरू होते आणि घड्याळानंतर संपते, कारण आधीच्या पाळीकडून काम समजून घ्यायचे असते आणि पुढच्या पाळीला समजावून द्यायचे असते. लॉगबुकमध्ये कोणता पंप चालू, कोणता दुरुस्तीला काढलेला, कोणती झडप गळते, कोणत्या टाकीची पातळी किती, कोणता अलार्म वारंवार वाजतो, याच्या नोंदी असतात. हे वाचून आणि प्रत्यक्ष फेरी मारून होईपर्यंत हजेरीचा प्रश्न पुढे आलेला असतो. दहा माणसे हवीत आणि आठच आली असतील तर आधीच्या पाळीतील दोघांना थांबवायचे. त्यांची मनधरणी करायची, ओव्हरटाइमची मंजुरी घ्यायची आणि ती नंतर नामंजूर झाली तर त्या दोघांची नाराजीही सोसायची.

रात्रपाळीचा एक नेहमीचा प्रसंग घेतला तर या पदाचा ताण नीट दिसतो. पहाटे तीनच्या सुमारास एका पंपाचे सील गळू लागते. राखीव पंप आधीच दुरुस्तीला उघडलेला असतो. चालू पंप बंद केला तर पुढचे सगळे युनिट थांबणार आणि ते पुन्हा सुरळीत व्हायला कित्येक तास जाणार. चालू ठेवला तर गळती वाढण्याची भीती. सकाळी येणारे वरिष्ठ दोन्ही निर्णयांवर प्रश्न विचारू शकतात. थांबवले तर एवढ्या क्षुल्लक गळतीसाठी उत्पादन का बुडवले, आणि न थांबवता काही झाले तर धोका दिसत असताना का थांबवले नाही. फोन करून विचारले तर प्रत्येक गोष्ट विचारतो असे होते, न विचारता केले तर परस्पर केले असे होते.

दुरुस्ती करायची म्हटली की परमिट, म्हणजे लेखी परवानगी, लागते. ठिणगी उडणारे काम असेल तर हॉट वर्क परमिट, टाकीत किंवा व्हेसलमध्ये माणूस उतरणार असेल तर वेगळे, उंचीवर चढणार असेल तर आणखी वेगळे. परमिटवर सही करणाऱ्याने संबंधित नळ्या वेगळ्या केल्या आहेत, वीज तोडून कुलूप लावले आहे, ज्वलनशील वायू शिल्लक नाही आणि आत हवेतील प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नाही, एवढे स्वतः पाहून खात्री करायची असते. पेट्रोकेमिकल कारखान्यात व्हेसल साफ करण्यासाठी नायट्रोजन वापरतात. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायू नसलेल्या अशा हवेत उतरलेला माणूस दोनतीन श्वासांतच बेशुद्ध पडू शकतो. अशी एकेक सही शांतपणे, जागेवर जाऊन करायला वेळ लागतो. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, म्हणजे शटडाऊनच्या, काळात मात्र एकाच पर्यवेक्षकासमोर परमिटांचा गठ्ठा असतो आणि दाराशी कंत्राटदाराची माणसे खोळंबलेली असतात.

कामगारही नाही, साहेबही नाही

कायद्यातही पर्यवेक्षकाची जागा अशीच अधांतरी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत १९५६ च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकाला प्रवेश मिळाला, पण महिना ५०० रुपये वेतनाच्या मर्यादेत. ही मर्यादा पुढे १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० झाली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये ठेवण्यात आली. जेमतेम अनुभव असलेल्या पर्यवेक्षकाचा पगारही मोठ्या कारखान्यात या आकड्याच्या वर जातो. म्हणजे व्यवहारात बहुतेक पर्यवेक्षक या व्याख्येबाहेरच पडतात.

याचा परिणाम नोकरी गेल्यावर कळतो. कामगाराला कामावरून काढले तर तो कामगार न्यायालयात जाऊन पुन्हा कामावर घेण्याची मागणी करू शकतो. व्याख्येबाहेरच्या पर्यवेक्षकाला तो दरवाजा बंद. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध दाद देणारा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदाही त्याच व्याख्येवर उभा असल्याने तो त्याच्या उपयोगी पडत नाही. उरते दिवाणी न्यायालय. तिथे खासगी नोकरी परत मिळत नाही, फार तर नुकसानभरपाई मिळते.

कामाच्या तासांचेही असेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दराने वेतन असा नियम केला. त्याच कायद्याच्या ६४ व्या कलमाने देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या पदावरील माणसांना या तरतुदींतून वगळण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. त्यामुळे बदली माणूस न आल्याने थांबलेल्या ऑपरेटरला ओव्हरटाइम मिळतो आणि त्याच्यासोबत थांबलेल्या पर्यवेक्षकाला अनेक ठिकाणी काहीच मिळत नाही. ओव्हरटाइम धरून ज्येष्ठ ऑपरेटरच्या हातात पर्यवेक्षकापेक्षा जास्त रक्कम पडते, हे महिन्याच्या महिन्याला दिसत असते.

यात एक आधार आहे. कोण पर्यवेक्षक हे नियुक्तिपत्रातील पदनामावरून ठरत नाही, त्या माणसाचे मुख्य काम काय यावरून ठरते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आनंद बझार पत्रिका खटल्यात १९६९ मध्ये लावले. नाव सुपरवायझरचे आणि दिवसभर काम मात्र हाताने करण्याचे किंवा कारकुनीचे, अशी नेमणूक असेल तर ती व्यक्ती कामगार ठरू शकते. पण हे सिद्ध करायला वर्षे जातात.

अमेरिकेतही हा प्रश्न १९४० च्या दशकात पेटला होता. १९४१ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील फोरमन मंडळींनी स्वतःची संघटना काढली. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅकार्ड कंपनीच्या खटल्यात फोरमनचा संघटनेचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी टाफ्ट-हार्टली कायद्याने पर्यवेक्षकांना ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळून तो काढून घेतला. फ्रिट्झ रोथलिसबर्गर या अभ्यासकाने १९४५ मध्ये हार्वर्डच्या नियतकालिकात लिहिलेला फोरमनवरचा लेख आजही वाचला जातो. फोरमनला वरच्यांशी एक भाषा आणि खालच्यांशी दुसरी भाषा बोलावी लागते, आणि या दुटप्पी बोलण्याचा पहिला बळी तो स्वतःच होतो, असा त्याचा आशय आहे.

कंत्राटी कामगार आणि दुहेरी साखळी

गेल्या काही दशकांत कायम कामगारांची संख्या घटली आणि कंत्राटी कामगार वाढले. यामुळे पर्यवेक्षकाचे काम अधिक अवघड झाले. माणसे कंत्राटदाराची, काम कंपनीचे. कंपनीच्या पर्यवेक्षकाने कंत्राटी कामगाराला थेट हुकूम दिले, त्याची हजेरी घेतली, रजा मंजूर केली, तर कंत्राट केवळ नावापुरते आहे असा पुरावा कामगाराच्या बाजूने उभा राहू शकतो. देखरेख आणि नियंत्रण कोणाचे हा मुद्दा न्यायालयात तपासला जातो. म्हणून सूचना कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फतच द्या, असा वरून आदेश असतो. इकडे समोर माणूस सुरक्षा पट्ट्याशिवाय उंचीवर चढत असेल तर मधल्या माणसाला शोधत बसायला वेळ नसतो. ओरडून थांबवावेच लागते, आणि तेच योग्य असते.

कंत्राटदाराच्या सुपरवायझरची अवस्था याहून बिकट. त्याची नोकरी कंत्राटाच्या मुदतीइतकी. शिकलेली माणसे कंत्राट बदलले की निघून जातात आणि नव्यांना पहिल्यापासून शिकवावे लागते. काम सुरू होण्यापूर्वी सूचना देण्याच्या बैठकीला, म्हणजे टूलबॉक्स टॉकला, मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारे कामगार एकाच वर्तुळात उभे असतात. सूचना सगळ्यांना समजली का, हे सह्यांच्या कागदावरून कळत नाही.

गाव, गणपती आणि पाऊस

नागोठणे परिसरात पर्यवेक्षक आणि कामगार पुष्कळदा एकाच पंचक्रोशीतले असतात. जमिनी गेलेल्या गावांतील प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न इथे जुना आहे. स्थानिक पर्यवेक्षकाकडे ‘आमच्या पोराला लावून घे’ असा आग्रह येतो आणि भरती त्याच्या हातात नाही हे कोणाला पटत नाही. ज्याला सकाळी उशिरा आल्याबद्दल मेमो मिळाला, तो संध्याकाळी गावच्या कार्यक्रमात शेजारी बसलेला असतो. जो स्वतः कामगारांतून बढती घेऊन आला त्याची अडचण आणखी वेगळी. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना आज काम सांगायचे आणि त्यांच्या मनात ‘आता हा साहेब झाला’ ही भावना घर करून बसते.

रजेचा तक्ता हा इथला वर्षाचा सर्वांत नाजूक कागद. कोकणात भाद्रपदातील गणपतीला आणि शिमग्याला घरी असणे ही चैन मानली जात नाही. सगळ्यांनाच रजा हवी असते आणि अखंड चालणाऱ्या कारखान्याला किमान माणसे तर हवीतच. गेल्या वर्षी कोण थांबला, यंदा कोणाची पाळी, याचा हिशेब न्याय्य ठेवला नाही तर त्याची कटुता वर्षभर टिकते. पावसाळ्यात अंबा नदीला पूर येतो. जुलै १९८९ मध्ये याच नदीकाठच्या जांभूळपाड्याचा महापुराने विध्वंस केला होता. पाणी रस्त्यावर आले, किंवा २०११ पासून रखडत चाललेल्या महामार्ग रुंदीकरणात बस अडकली, की पुढची पाळी पोहोचत नाही. आतली पाळी मग तशीच पुढे चालते, आणि थकलेल्या माणसांकडून चूक होऊ न देणे हे काम पर्यवेक्षकावर येऊन पडते.

अपघात आणि जबाब

५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटाव वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात टाकीजवळ वेल्डिंगचे काम सुरू असताना स्फोट होऊन ३ कामगार मृत्युमुखी पडले. या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येक पर्यवेक्षकाला परमिटवरील आपल्या सहीचे वजन माहीत असते. कायद्याने कारखान्याची अंतिम जबाबदारी भोगवटादारावर आणि व्यवस्थापकावर असते. मात्र अपघातानंतर पोलीस जबाब घेऊ लागतात तेव्हा जागेवर हजर असलेला माणूस पहिला सापडतो. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपाखाली पर्यवेक्षकावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

देखरेख कमी केली की काय होते हे जगातील मोठ्या अपघातांनी दाखवले आहे. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीपूर्वी खर्चकपातीत विषारी वायूच्या विभागातील माणसे निम्म्यावर आणली होती आणि रात्रपाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरचे पद काही दिवस आधीच रद्द झाले होते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढल्याची माहिती पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नाही, तो पंप सुरू केला गेला आणि १६७ माणसे मेली. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात युनिट सुरू करण्याचे धोक्याचे काम चालू असताना एक पर्यवेक्षक घरच्या तातडीच्या कारणाने निघून गेला. त्याच्या जागी कोणी दिला गेला नाही. काही ऑपरेटर महिनाभर रोज १२ तास काम करत होते. स्फोटात १५ जण ठार झाले. यांतील एकाही ठिकाणी एका माणसाच्या चुकीवर सगळा दोष ढकलून सत्य हाती लागत नाही. मनुष्यबळ, विश्रांती आणि माहितीची देवाणघेवाण यांबाबतचे निर्णय त्याच्या कितीतरी वर झालेले होते.

शरीरावर आणि घरावर

फिरत्या पाळीचा शरीरावर होणारा परिणाम आता सर्वमान्य आहे. रात्री दोन ते पाच या वेळेत सावधपणा सर्वांत कमी असतो. भोपाळ आणि चेर्नोबिलच्या दुर्घटना मध्यरात्रीनंतरच्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये झोपेचे चक्र बिघडवणारे पाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत धरले. पर्यवेक्षकाच्या बाबतीत यात मनाच्या जागरणाची भर पडते. घरी आल्यावरही फोन चालू ठेवावा लागतो. आपण सही केलेले परमिट बंद झाले का, हा विचार झोपेतही सुटत नाही. दिवसा झोपलेल्या माणसाच्या घरात मुलांना हळू बोलावे लागते आणि घरचे समारंभ त्याच्याशिवायच पार पडतात.

काय करता येईल

पहिली गोष्ट, काम थांबवण्याचा अधिकार. १९८७ मध्ये, भोपाळनंतर, कारखाने अधिनियमात कामगारांना निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला गेला आणि प्रभारी माणसावर त्याबाबत तातडीने कृती करण्याचे बंधन घातले गेले. ही तरतूद तेव्हाच खरी ठरते जेव्हा प्रभारी माणूस निर्धास्तपणे युनिट थांबवू शकतो. धोका वाटून थांबवले आणि नंतर धोका नव्हता असे दिसले, तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापनाने लेखी द्यायला हवे.

दुसरी, किमान मनुष्यबळ. प्रत्येक पाळीला किती माणसे असल्याशिवाय युनिट चालवायचे नाही, हे आकड्याने ठरलेले हवे, आणि त्यात पर्यवेक्षकाच्या बदलीची सोयही धरलेली हवी. पाळीबदलासाठी दोन्हीकडचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जावा.

तिसरी, प्रशिक्षण. उत्तम ऑपरेटरला बढती दिली की तो आपोआप उत्तम पर्यवेक्षक होतो, हा समज महागात पडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नवख्या फोरमनसाठी छोटे अभ्यासक्रम काढले होते. काम कसे शिकवावे, माणसांशी कसे वागावे आणि कामाची पद्धत कशी सुधारावी, असे त्यांचे तीन भाग होते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद सुरक्षाविषयक प्रशिक्षण देतात. रायगडच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांनी आणि कंत्राटदारांनीही आपली माणसे तिथे पाठवायला हवीत, कारण धोका कारखान्याच्या आकारावर अवलंबून नसतो.

चौथी, दाद मागण्याची जागा. कायदा पर्यवेक्षकाला कामगार मानत नसेल तर कारखान्याने त्याच्यासाठी स्वतंत्र तक्रार निवारण व्यवस्था उभारावी, जादा तासांचा मोबदला किंवा बदली रजा द्यावी, आणि कर्तव्य बजावताना दाखल झालेल्या गुन्ह्यात त्याच्या बचावाचा खर्च उचलावा. ‘कामगार’ या व्याख्येतील वेतनाची मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढावी, अशी मागणी कायदेमंडळापुढे मांडण्यासारखी आहे.

यांपैकी कोणत्याही उपायाला फार मोठा खर्च येत नाही. ज्याच्याकडून जबाब घ्यायचा त्याला आधी निर्णयाचा अधिकार, पुरेशी माणसे आणि पुरेशी झोप मिळाली पाहिजे. हे मान्य झाले तर पर्यवेक्षकाची घुसमट कमी होईल, आणि त्याच्या सहीवर विसंबून टाकीत उतरणाऱ्या कामगाराचा जीवही अधिक सुरक्षित राहील.